सात वाजताची लाइन

रविवार, संध्याकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. आजी फोनसमोर बसली होती. रिसीव्हर तिनं ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या फडक्यानं पुसला, कानाला लावून डायल टोन ऐकला आणि परत ठेवला. दुपारीही एकदा ऐकला होता. टोन न तपासता फोन लावणं म्हणजे गॅस न पेटवता पातेलं चढवणं, असं ती म्हणायची. खुर्ची तिनं थोडी तिरकी केली, म्हणजे खिडकीतला उजेड चेहऱ्यावर पडेल.

उजेड आजोबांसाठी होता. ते समोरच्या भिंतीजवळच्या आरामखुर्चीत येऊन बसले, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि तिच्या तोंडाकडे बघू लागले.

आजोबांनी उभी हयात पत्र्याच्या कारखान्यात काढली होती. डब्यांची झाकणं ठोकून काढणारी मोठाली मशीनं, एका ओळीत, दिवसभर. त्या आवाजानं चाळिशीतच त्यांच्या कानांची माती केली. पण त्या शेडमध्ये कुणी कुणाशी ओरडून बोलतच नसे, कारण ओरडून उपयोग नव्हता. सगळे ओठ वाचायचे. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला साहेबावरचा विनोद सांगायचा आणि साहेब मधून चालत जायचा. आजोबा निवृत्त झाले, ऐकू येणं संपलं, वाचणं राहिलं.

आजी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. डोक्याला हेडसेट, समोर बोर्ड, हातात दोऱ्या. गावोगावचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे आणि आपण लाइनवरून बाजूला व्हायचं. जिचा संसार कानावर चालला, तिनं बहिऱ्याशी लग्न केलं, यावर सासरी पुष्कळ हसून झालं होतं. लग्न झालं तेव्हा ते बहिरे नव्हते, हे कुणी लक्षात घ्यायचं नाही. पुढे घरात आवाजाची गरजच उरली नाही. ती नुसते ओठ हलवायची, ते वाचायचे. शेजाऱ्यांची बरीच वर्षं समजूत होती की या दोघांची बोलाचाल बंद आहे. भांडणंही अशीच बिनआवाजी होत. ती आजोबाच संपवायचे, डोळे मिटून. मग हिनं समोर उभं राहून कितीही तोंड चालवलं तरी व्यर्थ.

"बायको गप्प करायला लोकांना काय काय करावं लागतं," ते म्हणायचे. "मला पापण्या पुरतात."

साथ आली आणि सगळं गाव तोंड झाकून फिरायला लागलं. बाकीच्यांसाठी ती फडक्याची पट्टी होती. आजोबांसाठी एका दिवसात सगळी माणसं मुकी झाली. दूधवाला, औषधांच्या दुकानातला माणूस, खालच्या मजल्यावरचे मास्तर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, हृदयाच्या शिरांत दोन नळ्या बसवल्या. तिथं डॉक्टर काय सांगतोय ते त्यांना एका शब्दानं कळलं नाही. ते नुसते त्याच्या भुवयांकडे बघत राहिले. जे सांगायचं ते डॉक्टरनं आजीला सांगितलं: यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका, पुन्हा काही झालं तर बेड मिळेलच असं मी म्हणू शकत नाही.

मोबाइलवर मुलगा दिसायचा, सून दिसायची, भिंगरी म्हणून हाक मारतात ती नात दिसायची. पण तिथं ओठ आवाजाच्या मागे धावायचे, चेहरा मधेच गोठायचा, नात तर सारखी फोन घेऊन पळत असायची. आजोबा थोडा वेळ बघायचे, हात हलवायचे आणि उठायचे. "पंखा बघितल्यासारखं वाटतं," म्हणायचे. गोतावळा मोठा होता, चार शहरांत आणि दोन देशांत पसरलेला. त्या सगळ्यांना आजोबांपर्यंत पोचायला आता एकच रस्ता उरला होता, तो म्हणजे आजीचा उघडा चेहरा.

त्या सगळ्यांत आजोबांचं खरं लक्ष एकाच फोनकडे असायचं, अक्काच्या.

अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच धाकट्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेलं, मारलंही. तिचा मुलगा परदेशात. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात राहायची. साथीत तिथं भेटी बंद झाल्या. खालच्या व्हरांड्यात एकच फोन होता, आणि प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेळ ठरवून दिली होती. अक्काची रोज सात ते साडेसात. आजीनं सातला लावायचा, तिथल्या वॉर्डनबाईंनी अक्काला खुर्चीत आणून बसवायचं.

"काय गं एक्स्चेंज," अक्का सुरू करायची, "माझा बहिरोबा जेवला का? का तू त्याला बातम्याच वाढतेस?"

आणि मग तोंडाचा पट्टा सुटायचा. सूप म्हणजे ताट विसळलेलं पाणी. खोलीतली दुसरी बाई झोपेत करवत चालवते. आणि चमचा. अक्काचा घरून आणलेला स्टीलचा चमचा होता, दांड्यावर खूण म्हणून तिनं स्वतः तीन खाचा पाडल्या होत्या. तो नाहीसा झाला होता आणि तो त्या घोरणाऱ्या बाईनंच ढापला, याबद्दल अक्काला तिळमात्र शंका नव्हती. बोलण्यात खंड असा नसायचाच. आजी रिसीव्हर कानाला लावून अर्धा अर्धा तास "हं" एवढंच म्हणायची, आणि अक्काला कुठं दम लागला तर तेवढ्यात मान वळवून आजोबांना ओठांनी सांगायची: "सूप पाणीदार आहे. चमचा घोरणारीनंच घेतलाय. तुम्हाला गाढव म्हणतायत."

"कशाबद्दल?"

"सांगितलं नाही. नुसतंच."

आजोबा समाधानानं मान हलवायचे.

सांगायचं ते शब्दाला शब्द. पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही. एक्स्चेंजमध्ये आजी नवीन होती तेव्हा तिथल्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपण वायर आहोत. वायरला मत नसतं." त्या काळी तारासुद्धा फोनवर वाचून दाखवाव्या लागत. कुणाचा बाप गेला, कुणाची मुलगी गेली, हे आजीनं अनोळखी माणसांना शेकड्यांनी वाचून दाखवलं होतं, एकाच पट्टीत, एकदा सावकाश आणि मागितलं तर पुन्हा एकदा. तिकडचा माणूस कोसळला तरी तिनं आवाज हलू दिला नव्हता. घरी येऊन ती जेवत असे.

अक्काला ताप आला मागच्या आठवड्यात, शनिवारी. वॉर्डनबाई फोनवर म्हणाल्या, "खाली आणता येत नाही, वर वेगळं ठेवलंय." आजीनं ते तसंच आजोबांना सांगितलं. रविवारी तेच, सोमवारी तेच. मंगळवारी सकाळी आजोबा अंघोळीला गेले असताना परदेशातून भाच्याचा फोन आला.

"मामी," तो म्हणाला, "आई पहाटे गेली. दवाखान्यात जागाच मिळाली नाही. बाकी सगळं आश्रमाचीच माणसं उरकणार आहेत, कुणाला येऊ देत नाहीत. मामाला सांग."

मग मुलाचा फोन आला. "आई, बाबांना आत्ता सांगू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस का? दवाखान्यात न्यावं लागलं तर तुला त्यांच्याबरोबर आत जाऊ देणार नाहीत. आत त्यांना एक शब्द वाचता येणार नाही. काही दिवस जाऊ देत. अक्काआत्या बरी आहे म्हण."

"असं कसं म्हणू?"

"रोज म्हणतेस तसंच. त्यांना कुठं ऐकू येतंय?"

मंगळवारी संध्याकाळी लाइन लागत नाही, असं आजीनं सांगितलं. बुधवारी सात वाजता आजोबा खुर्चीत येऊन बसले आणि बघू लागले. आजीनं नंबर फिरवला. आपल्याच घराचा फिरवला, कारण आपल्याच फोनवरून आपलाच नंबर लावला की एंगेज टोन येतो आणि तो बराच वेळ चालतो, हे तिला माहीत होतं. टूक, टूक, टूक. त्या आवाजात तोंड घालून ती म्हणाली, "हॅलो, अक्का? बरं वाटतंय का आता? ताप उतरला? वा, छान झालं."

आणि मान वळवून, बिनआवाजी: "ताप उतरलाय."

आजोबांनी डोळे मिटले. आजी खुर्चीतून अर्धी उठली. पण ते नुसते सुटकेचा श्वास सोडत होते.

गुरुवारी सूप सुधारलं होतं. शुक्रवारी अक्का व्हरांड्यात चार पावलं चालली. आजोबा प्रश्न द्यायचे, आजी ते एंगेज टोनला विचारायची आणि उत्तर परत आणायची. ओठ वाचणाऱ्या माणसासमोर खोटं बोलायचं म्हणजे प्रत्येक शब्द नीट उच्चारला पाहिजे, म्हणून ती पूर्ण वाक्यं बोलत होती. शनिवारी फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला घसा बसलाय.

आज, रविवारी, पाचला सगळे मोबाइलवर जमले. अक्कासाठी. आजोबा आतल्या खोलीत झोपले होते. आजी स्वयंपाकघराचं दार लावून ओट्यापाशी उभी राहिली आणि मोबाइल बरणीला टेकवला. चौकटींत एकेक चेहरा उगवला. कुणाचा तरी आवाज बंद होता आणि तो मन लावून काहीतरी सांगत होता. "आवाज, आवाज!" सगळे एकदम ओरडले. भाच्यानं आईच्या दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही मार खाल्ल्याच्या. लोक हसले.

"आजी, आजोबा कुठे आहेत?" भिंगरीनं विचारलं.

"झोपलेत."

"अक्काआजी वारली तरी झोपलेत?"

सुनेचा हात पडद्यावर आला आणि नातीची चौकट अंधारली. भाचा म्हणाला, "मामी, मी तुला बोल लावत नाही. पण आईला ओळखणारा तिच्या बरोबरीचा माणूस आता मामाच राहिलाय. मी रडायचं तरी कुणापाशी? तू सांग, नाहीतर मी सांगतो. चिठ्ठी लिहून पाठवतो."

"दादा, जरा दमानं घे," मुलगा म्हणाला. "त्यांना काही झालं तर तू येणार आहेस का तिकडून?"

"अक्काच्या वेळी तरी कोण आलं?" आजी म्हणाली. कुणी काही बोललं नाही. तिला वाटलं, आपलाही आवाज बंद असेल.

सात वाजले. आजीनं रिसीव्हर उचलला आणि आपलाच नंबर फिरवला. टूक, टूक, टूक. आज सांगून टाकावं, असं ती ओट्यापाशी मनाशी बोलली होती. मग तिनं आरामखुर्चीकडे पाहिलं. आजोबांचा उजवा हात छातीवर होता. तो सदऱ्याच्या खिशातला रुमाल काढायला गेला होता, हे तिला एका क्षणानंतर दिसलं, पण तोवर तिचं तोंड चालू झालं होतं.

"अक्का, कशा आहात? हो का? जेवलात ना? अगंबाई! कुठं सापडला?" आणि मान वळवून, काहीतरी चांगलं द्यावं म्हणून: "चमचा सापडला. त्यांच्याच उशीखाली होता."

आजोबा उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी फोनच्या खटक्यावर बोट दाबलं. टोन तुटला.

"अक्का कधी गेली?" बहिऱ्या माणसाच्या बेसुमार मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं. खालच्या मास्तरांनाही ऐकू गेलं असेल.

आजीनं रिसीव्हर जागेवर ठेवला. मग तिचे ओठ हलले. "मंगळवारी. पहाटे."

"मला वाटलंच, बुधवारच्या फोनच्या आधीच." ते टेबलाला धरून बाजूच्या खुर्चीवर बसले. आजी गोळी आणायला उठली, जिभेखाली ठेवायची. त्यांनी निमूटपणे ठेवली. तिनं मनगट धरलं. ते काढून न घेता ते म्हणाले, "मला शुक्रवारी कळलं."

"कसं?"

"तुझं तोंड." त्यांनी बोटांनी चोचीसारखी उघडझाप केली. "सारखं चालू. मी इतकी वर्षं बघतोय. अक्काच्या फोनवर तुझं तोंड कधी हललंय? तिनं कुणाला बोलू दिलंय? तू एक वाक्य बोललीस की मला कळायचं, तिकडे ती पाणी प्यायली. आणि आता बघावं तर तूच बोलतेयस आणि बोलतेयस. मधे श्वास घ्यायला पण जागा नाही."

आजीला ते तेव्हा कळलं. एक्स्चेंजमध्ये लाइनवर दोन्हीकडून शांतता आली की समजायचं, बोलणं संपलं, आणि दोरी ओढून काढायची. रिकामी लाइन धरून ठेवणं हा गुन्हा. तिला शांतता धरून ठेवताच येत नव्हती. नुसतं "हं" म्हणत अर्धा तास बसली असती, तर निभावलं असतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. शनिवारी वाटलं सांगशील. आज उठून बघितलं तर दार लावून आत होतीस, म्हटलं आता सांगेल. तर तू चमचा काढलास." त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. "चमचा! अगं, अक्का मेली तरी चमचा उशीखाली सापडल्याचं कबूल..."

ते तिथंच थांबले. आजी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते उघडे होते.

"लाव," ते म्हणाले.

"कुणाला?"

"तिथं. खरा नंबर लाव. विचार, कशी गेली. आणि मला जसं सांगतील तसं सांग. पदरचं घालू नकोस."

आजीनं टोन ऐकला. नंबर फिरवला. पलीकडे व्हरांड्यात घंटा वाजली आणि वॉर्डनबाईंनी उचललं. आजीनं आपण कोण ते सांगितलं. मग खुर्ची उजेडाकडे वळवली, कान पलीकडे आणि तोंड आजोबांकडे. उजेड कमी झाला होता, म्हणून उठून दिवा लावला आणि परत बसली.

"विचारा, काय विचारायचंय," वॉर्डनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. "असं विचारणाऱ्या या आठवड्यात तुम्ही पाचव्या."

"कुणी जवळ होतं का?"

"नाही. वर एकच मुलगी होती कामाला, तिच्याकडे नऊ जणी. तिनं फेरी मारली तेव्हा होत्या, पुढच्या फेरीला नव्हत्या."

आजीनं आजोबांकडे बघून सांगितलं: "जवळ कुणी नव्हतं. एक मुलगी, नऊ जणी. एका फेरीला होत्या, पुढच्या फेरीला नव्हत्या."

आजोबांनी मान हलवली. "काही म्हणाली का, विचार. शेवटी."

आजीनं विचारलं. पलीकडे थोडा वेळ काही आलं नाही. ती शांतता आजीनं तशीच धरून ठेवली.

"नाही हो," वॉर्डनबाई म्हणाल्या. "बोलण्याइतका श्वासच नव्हता. शेवटचे दोन दिवस एक शब्द नाही. आम्हालाच कसंतरी वाटायचं, त्यांच्या खोलीत इतकं गप्प."

आजीनं ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग एका पट्टीत, सावकाश सांगितलं: "काही म्हणाल्या नाहीत. बोलण्याइतका श्वास नव्हता. दोन दिवस गप्प होत्या."

आजोबांनी ते वाचलं. "पुन्हा सांग," ते म्हणाले. तिनं पुन्हा एकदा सांगितलं, तेवढंच. त्यांनी डोळे मिटले नाहीत. टेबलावर पालथा ठेवलेला हात त्यांनी उताणा केला आणि त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाच्याला लाव नंतर. त्याचे ओठ मला वाचता येत नाहीत. तू बस मधे."

"अजून काही?" वॉर्डनबाईंनी विचारलं. "त्यांच्या वस्तूंची पिशवी आहे इथं. भेटी सुरू होतील तेव्हा न्या. आणि एक सांगायचं होतं. आज वेळ रिकामी होती म्हणून मी बोलले. सात ते साडेसात आता बारा नंबरच्या बाईंना दिलीय, त्यांची मुलगी उद्यापासून लावणार आहे. तुम्ही तेवढी लाइन मोकळी ठेवा."

"हो," आजी म्हणाली. "ठेवते."

"काय म्हणाली?" आजोबांनी विचारलं.

आजीनं सांगितलं, शब्दाला शब्द. पिशवी आहे. अक्काची वेळ आता बारा नंबरच्या बाईंना दिली आहे. उद्या सात वाजता तो नंबर लावला, तर एंगेज लागेल.